‘अतिरेक्याला वकील कशाला?’ याचं उत्तर आपल्याच किनाऱ्यावर

कॉलेजच्या कट्ट्यावर हा वाद तुम्हीही कधी ना कधी ऐकला असेल. विषय २६/११ वर येतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘‘कसाबला चार वर्षं पोसला, वकील दिला, वर बिर्याणी घातली. कशाला? जागेवरच संपवायचा होता.’’ सगळे माना डोलावतात. फर्स्ट इयरला मीसुद्धा डोलावली होती. विरोध केला तर ‘तू कुणाच्या बाजूची?’ असा प्रश्न येणार, आणि तो कुणालाच नको असतो.

मास कॉम करताना मीडिया लॉच्या लेक्चरला हाच विषय पुन्हा समोर आला, तेव्हा जरा वाचायला लागले. आणि लक्षात आलं की या प्रश्नाचं उत्तर शोधायला हेगच्या कोर्टापर्यंत जावं लागतंच, पण सुरुवात मात्र आपल्या डहाणू-तलासरीच्या किनाऱ्यावरूनच होते. कशी, ते सांगते.

बोट गुजरातची, खलाशी आपला

पावसाळी मासेमारी बंदी उठायची वेळ आली की आपल्याकडची तरुण पोरं उत्तरेकडची गाडी पकडतात. पाठीवर सॅक, हातात एखादी गोणी. कुणी झाईचा, कुणी बोर्डीचा, आणि बरेच जण तर समुद्रापासून आत असलेल्या आदिवासी पाड्यांतले. ओखा, पोरबंदर, वेरावळ या बंदरांतल्या ट्रॉलरवर ते खलाशी म्हणून राबतात. शेठकडून आधी उचल घेतलेली असते. त्यात घराचं छप्पर होतं, बहिणीचं लग्न होतं, कुणाचं आजारपण निघतं. मग हंगामभर समुद्रात राबून ती फेडायची.

बोट कुठे न्यायची हे तांडेल ठरवतो. जीपीएसही त्याच्याच ताब्यात. खलाशी जाळं ओढतो, मासळी निवडतो, बर्फात भरतो. बोट नेमकी कोणत्या अक्षांशावर आहे हे त्याला माहीत असण्याचं काही कारणच नाही. त्यात कच्छजवळच्या सर क्रीकपाशी भारत आणि पाकिस्तानची सागरी हद्द अजून ठरलेलीच नाही. पाकिस्तानच्या मेरिटाइम सिक्युरिटी एजन्सीची स्पीडबोट आली की अख्खी बोट जप्त, आणि सगळे कराचीला. तिथून मलीरचा तुरुंग. घरी कळतं ते बहुतेक वेळा शेठच्या फोनवरून.

हे नेहमी फक्त अटकेवर थांबतं असंही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘जलपरी’ या बोटीवर पाकिस्तानी एजन्सीने गोळीबार केला. त्यात पालघर तालुक्यातल्या वडराईचा एक खलाशी जागीच गेला. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका खलाशाचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला. त्याचा देह गावी पोहोचायला महिन्याहून जास्त काळ लागला.

आता तुम्ही म्हणाल, हे मासेमारीचं प्रकरण आहे, याचा दहशतवादाशी काय संबंध?

‘कुबेर’नंतर प्रत्येक बोट संशयित

संबंध आहे, आणि तो २००८ पासून अधिकच घट्ट झालाय. २६/११ चे दहा हल्लेखोर मुंबईत आले ते ‘कुबेर’ या पोरबंदरच्या मासेमारी बोटीतून. त्यांनी ती भर समुद्रात बळकावली, खलाशांना मारलं आणि किनारा जवळ येताच तांडेलाचाही जीव घेतला. हे नीट लक्षात घ्या: त्या हल्ल्यात समुद्रावर मारले गेले ते आपल्यासारख्याच घरांतले मच्छीमार होते.

पण त्यानंतर दोन्ही देशांच्या सुरक्षा यंत्रणांच्या नजरेत मासेमारी बोट ही नुसती मासेमारी बोट राहिली नाही. आपल्याकडे मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, राज्यांनुसार बोटींचे रंग ठरले. हे गरजेचंच होतं. पण ज्याच्याकडे कार्ड नाही, ज्याला स्वतःच्या गावाचं नाव परक्या अधिकाऱ्याला समजेल असं सांगता येत नाही, त्याच्यावरचा संशय दुप्पट होतो. पलीकडच्या किनाऱ्यावर पकडलेला आपला खलाशी आधी ‘संशयित’ असतो, मग ‘मच्छीमार’.

अशा माणसाच्या हातात काय असतं? पैसा नाही, ओळख नाही, तिथली भाषा नाही. असतो तो फक्त एक नियम: पकडलेल्या माणसाशी कसं वागायचं याचा. त्यालाच इंग्रजीत ‘ड्यू प्रोसेस’ म्हणतात. आपण रीतसर न्यायप्रक्रिया म्हणू.

कागदावर त्याचे हक्क कोणते?

पहिला कागद व्हिएन्नाचा, १९६३ सालचा, वकिलातींच्या संबंधांबद्दलचा करार. त्याचं कलम ३६ लक्षात ठेवा. परदेशात तुम्हाला अटक झाली तर तुमच्या देशाच्या वकिलातीशी संपर्क करण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि असा हक्क आहे हे अटक करणाऱ्यानेच तुम्हाला विनाविलंब सांगायचं. वकिलातीचे अधिकारी तुम्हाला भेटू शकतात, पत्रव्यवहार करू शकतात, वकील मिळवून देऊ शकतात. बातम्यांमध्ये ‘कॉन्सुलर अॅक्सेस’ म्हणतात तो हाच.

दुसरा कागद समुद्राचा: संयुक्त राष्ट्रांचा १९८२ चा सागरी कायदा करार. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही तो मान्य केलाय. त्याचं कलम ७३ म्हणतं की किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रात परक्या बोटीने मासेमारीचा नियम मोडला, तर बोट पकडता येते, पण वाजवी जामीन भरला की बोट आणि खलाशी लवकर सोडायचे. आणि दोन देशांत तसा वेगळा करार नसेल तर शिक्षा म्हणून तुरुंगवास द्यायचा नाही. १२ मैलांच्या आतल्या पाण्याला हे लागू होत नाही. त्यामुळे बोट नेमकी कुठे पकडली, यावर सगळं फिरतं. आणि ते ठिकाण लिहितो पकडणारा.

तिसरा कागद भारत-पाकिस्तानचा, २१ मे २००८ चा. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देशांनी आपल्या ताब्यातल्या कैद्यांची यादी एकमेकांना द्यायची. अटकेनंतर तीन महिन्यांत कॉन्सुलर अॅक्सेस द्यायचा. शिक्षा संपली आणि नागरिकत्वाची खात्री झाली की एक महिन्यात घरी पाठवायचं. वाचायला किती सरळ, नाही?

पण याच करारात एक सहावा परिच्छेद आहे. अटक ‘राजकीय किंवा सुरक्षेच्या कारणाने’ झाली असेल, तर प्रत्येक देश त्या प्रकरणाचा गुणवत्तेवर विचार करू शकतो. म्हणजे ‘सुरक्षा’ हा शब्द उच्चारला की बाकीचे हक्क गळून पडतात का? या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते एका मराठी माणसाच्या खटल्यात.

जाधव खटला: ‘हेर’ म्हटलं म्हणून हक्क जात नाही

कुलभूषण जाधव हे नौदलाचे निवृत्त अधिकारी, महाराष्ट्रातले. पाकिस्तानचं म्हणणं, ते हेर आहेत, ३ मार्च २०१६ ला बलुचिस्तानात पकडले गेले आणि घातपाताच्या कारवायांत त्यांचा हात होता. भारताचं म्हणणं, त्यांना इराणमधून पळवून नेलं. पाकिस्तानने भारताला कळवलं ते २५ मार्चला. भारताने पुन:पुन्हा कॉन्सुलर अॅक्सेस मागितला आणि तो नाकारला गेला. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावल्याचं जाहीर झालं. खटला बंद दाराआड, आणि आपल्या देशाचा एकही माणूस त्यांना तोवर भेटलेला नाही.

मे २०१७ मध्ये भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. आपली बाजू मांडणारे हरीश साळवे यांनी एक रुपया फी घेतल्याची बातमी तुम्ही व्हॉट्सअॅपवर शंभरदा वाचली असेल. पण कोर्टात नेमका मुद्दा काय होता, हे त्या फॉरवर्डमध्ये नव्हतं. पाकिस्तान म्हणत होता की हेरगिरीच्या आरोपींना कलम ३६ लागूच होत नाही, आणि २००८ च्या करारातल्या त्या सहाव्या परिच्छेदाने सुरक्षेची प्रकरणं बाजूला काढली आहेत.

१७ जुलै २०१९ ला निकाल आला, १५ विरुद्ध १. कोर्टाने सांगितलं: कलम ३६ मध्ये हेरगिरीचा अपवाद कुठेही लिहिलेला नाही. २००८ चा करार व्हिएन्ना कराराने दिलेला हक्क कमी करू शकत नाही. आणि अटक झाल्यावर तीन आठवड्यांनी कळवणं म्हणजे ‘विनाविलंब’ नव्हे. पाकिस्तानने शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा आणि तोवर फाशी थांबवावी, असा आदेश झाला.

आता यातलं बारीक अक्षर. कोर्टाने जाधव यांना निर्दोष ठरवलं नाही आणि सोडून द्या असंही म्हटलं नाही. ते त्याच्या अधिकारात नव्हतं. ते आजही पाकिस्तानच्या कैदेत आहेत. पण कोर्टाने एक गोष्ट पक्की केली: आरोप कितीही गंभीर असो, प्रक्रिया टाळता येत नाही. तो निकाल जसा जाधवांचा, तसा मलीरमधल्या आपल्या खलाशाचाही. त्याच्यावर उद्या कुणी ‘सुरक्षेचा’ शिक्का मारला, तरी कलम ३६ उभं आहे.

आता आरसा आपल्याकडे

हेगमध्ये भारताने हे सगळं ठामपणे मागितलं. ते मागताना आपली मान ताठ राहिली, कारण आपण स्वतः ते करून दाखवलं होतं. कुणाच्या बाबतीत? अजमल कसाबच्या.

आधी ती बिर्याणी. २०१५ मध्ये सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच जाहीरपणे सांगितलं की कसाबने बिर्याणी कधी मागितली नव्हती आणि त्याला ती कधी दिलीही नव्हती. त्याच्याविषयी तयार होत असलेली सहानुभूतीची लाट मोडायला त्यांनी ते सांगितलं होतं. उद्याची पत्रकार म्हणून मला हे प्रकरण फार बोचतं. खुलासा होऊन इतकी वर्षं झाली, तरी कट्ट्यावर बिर्याणी अजून शिजतेच आहे.

खरं काय घडलं? अनेक वकिलांनी कसाबचं वकीलपत्र घ्यायला नकार दिला, तेव्हा विशेष न्यायालयाने त्याला सरकारी खर्चाने वकील दिला. मे २०१० मध्ये न्या. तहलियानी यांनी फाशी सुनावली. फेब्रुवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. सगळ्या जगाने पाहिलेल्या गुन्ह्यालाही पुरावा तपासून शिक्षा दिली गेली. त्यामुळे ती शिक्षा आजवर कुणाला सूड म्हणता आलेली नाही.

या खटल्यातल्या दोन गोष्टी मात्र कट्ट्यावर कुणी सांगत नाही. पहिली: याच खटल्यात दोन भारतीय आरोपीही होते. हल्ल्यासाठी नकाशे पुरवल्याचा त्यांच्यावर आरोप होता. पुरावा टिकला नाही आणि ते सुटले. सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्यांची सुटका कायम राहिली. ‘जागेवरच संपवा’ म्हणणाऱ्यांचं ऐकलं असतं, तर पुढचा नंबर या दोघांचा होता.

दुसरी: कसाबच्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीला पहिल्यांदा समोर आणलं जाईल तेव्हाच मॅजिस्ट्रेटने त्याला वकिलाचा हक्क सांगायचा, आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्यायचा. हा नियम आज तलासरीतल्या एखाद्या पाड्यावरच्या, किरकोळ गुन्ह्यात पकडलेल्या पोरालाही लागू आहे. कसाबला दिलेला वकील असा आपल्या दारापर्यंत आलाय.

आणि जिथे घाई झाली, तिथे?

११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये काही मिनिटांत सात स्फोट. १८० हून अधिक माणसं गेली. आज आपली डहाणू लोकल चर्चगेटला जाताना त्याच रुळांवरून, त्याच स्टेशनांतून जाते. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने या सगळ्यांना निर्दोष ठरवलं. त्यांच्यातल्या एकाचा तोवर तुरुंगातच मृत्यू झाला होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जाण्याची गरज नाही. राज्य सरकारचं अपील तिथे आहे.

अंतिम शब्द सर्वोच्च न्यायालयाचा असेल. पण आज इतक्या वर्षांनंतरचा हिशेब काय? ज्यांची माणसं लोकलमध्ये गेली त्यांना ‘हे कुणी केलं?’ याचं पक्कं उत्तर नाही. आणि जे इतकी वर्षं आत राहिले, त्यांची ती वर्षं परत येणार नाहीत. म्हणून ‘आरोपीचे हक्क की पीडितांचा न्याय’ असा सामना लावणंच मला चुकीचं वाटतं. तपास कच्चा राहिला की दोघंही हरतात. जिंकतो तो मोकळा फिरणारा खरा गुन्हेगार.

संयुक्त राष्ट्रांनीही हे धडपडतच शिकून घेतलं. ९/११ नंतर काही दिवसांतच सुरक्षा परिषदेने ठराव १३७३ करून सगळ्या देशांना कडक कायदे करायला सांगितलं. २००३ च्या ठराव १४५६ मध्ये मात्र जोडावं लागलं की हे उपाय मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कायद्याला धरूनच हवेत. आपल्याकडे २६/११ नंतर महिन्याभरात यूएपीए कायदा कडक झाला. आरोपपत्राशिवाय १८० दिवसांपर्यंत कोठडी, आणि जामीन अतिशय अवघड. २०२१ मध्ये नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की खटला वर्षानुवर्षं रखडला, तर यूएपीए असूनही घटनेच्या कलम २१ खाली जामीन देता येतो. कडक कायदा असू नये असं मी म्हणत नाहीये. तो कडक असेल तितका त्यावरचा पहाराही जागा हवा, इतकंच.

यादीतले आकडे

१ जुलै २०२५ च्या यादीनुसार पाकिस्तानच्या ताब्यात १९३ मच्छीमार आणि ५३ इतर कैदी असे होते, जे भारतीय आहेत किंवा भारतीय असावेत असं मानलं जातं. भारताच्या ताब्यात ८१ पाकिस्तानी मच्छीमार आणि ३८२ इतर कैदी. शिक्षा पूर्ण झालेल्या १५९ जणांना सोडा, अशी मागणी भारताने तेव्हा केली. म्हणजे करारातला ‘एक महिना’ कागदावरच राहिलाय. आणि ते ८१ पाकिस्तानी मच्छीमारही कुणाच्या तरी घरचे कमावते हात आहेत. त्यांना आपण कसं वागवतो, हेही या हिशेबात धरलं पाहिजे.

कैद्यांची स्थिती बघायला दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती होती. तिची शेवटची भेट ऑक्टोबर २०१३ मधली. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर तर अटारीची चौकीच बंद झाली. देशांचं बिनसलं की सगळ्यात आधी अडकतो तो खलाशी.

तुम्ही काय करू शकता?

सुटकेतला एक मोठा अडथळा असतो नागरिकत्वाची खात्री. कराचीतून नाव येतं, इथे ते पडताळायचं असतं. नाव चुकीचं लिहिलेलं, पाड्याचं नाव ओळखू न येणारं, आणि घरात कागद नाही. बोट गुजरातची, घर महाराष्ट्रात. त्यामुळे दोन राज्यांच्या मध्येही फाइल लटकते. इथे कॉलेजात शिकणारं घरातलं पोरगं खरंच उपयोगी पडतं.

तुमचा भाऊ, मामा, शेजारचा काका या हंगामात बोटीवर जात असेल, तर त्याच्या आधार कार्डाचा आणि खलाशी ओळखपत्राचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, शेठचं नाव आणि नंबर, बंदर, निघाल्याची तारीख हे सगळं एका वहीत लिहा. आधारवरचं आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळतंय का, तेही बघा.

माणूस पकडला गेल्याचं कळलं, तर फक्त शेठच्या फोनवर थांबू नका. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. मत्स्यव्यवसाय विभाग आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्ज कसा लिहायचा हे कळत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कुठल्याही महिलेला १९८७ च्या कायद्याने मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. पुढची १ जानेवारी किंवा १ जुलै आली की यादी आली का, आपलं नाव त्यात आहे का, हे विचारा. लागलं तर माहितीचा अधिकार वापरा.

आणि कट्ट्यावर पुन्हा तो विषय निघाला, तर एवढंच करा. ‘‘अतिरेक्याला वकील कशाला?’’ असं कुणी म्हटलं की त्याला विचारा, ‘‘तो अतिरेकीच आहे हे कुणी ठरवलं?’’ कारण याच वेळी कराचीत एखादा अधिकारी झाईच्या किंवा बोर्डीच्या एखाद्या पोराकडे बघून नेमकं तेच वाक्य बोलत असेल. तिथे त्याच्या बाजूने कुणीतरी उभं राहावं असं वाटत असेल, तर ते वाक्य इथेही माना डोलावून जाऊ देता येणार नाही.